बाबा गेले हैदराबादला, घरातली यंत्रं बसली रुसून

संत्रासाल
२ एप्रिल, रात्री ९:४०

थोडं रडगाणं आहे, सांभाळून घ्या.

वय ३४. पुण्यात नऊ वर्षं भाड्याच्या घरांत काढली, काही बिघडलं की घरमालकाला फोन. दीड वर्षापूर्वी नागपूरला परत आले, त्रिमूर्ती नगरला आईबाबांच्याच घरी. जानेवारीत ताईला बाळ झालं म्हणून दोघं हैदराबादला गेले, आता दिवाळीलाच येतील. पहिले पंधरा दिवस मजा वाटली. घर माझं, टीव्ही माझा, दुपारची झोप माझी.

मग एकेक सुरू झालं. गीझरमधून चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं. वॉशिंग मशीन पाणीच घेईना, नुसती गुरगुरायची आणि लाल दिवा दाखवायची. लाईन गेली की इन्व्हर्टर दहा मिनिटांत टूं टूं करून गप. मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला. दुकानात नेला तर त्या माणसाने तो उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि शंभर रुपये घेतले. (हसा.)

आणि काल कूलर. बाबा होळीपासून रोज फोनवर विचारून राहिले, "कूलर काढला का?" मी म्हणायचे, काढला. म्हणजे वरची चादर काढली होती. काल लावला तर आधी धूळ आली, मग गरम हवा, मग वास. आत पाल मरून पडली होती.

दुरुस्तीवाल्याचा नंबर नकोय, तो आहे. मला विचारायचंय की हे सगळं लक्षात कोण ठेवतं? बाबांना कसं कळायचं की आता बॅटरीत पाणी टाकायचं, आता कूलरच्या ताट्या बदलायच्या? त्यांनी शिकवलं नाही, मीही कधी विचारलं नाही. तुम्ही लोक कसं करता? की सगळ्यांचीच अशी बोंब आहे?

बर्डीचा_बंड्या
२ एप्रिल, रात्री ९:५२

माय वो, शीर्षक वाचून धस्स झालं नं. "बाबा गेले" वर डोळे थांबले, हैदराबाद नंतर दिसलं. असं शीर्षक नका देत जाऊ बाप्पा.

निवांत_नाना
२ एप्रिल, रात्री १०:०५

माझा मार्ग सोपा. चालते तोवर चालवायचं, बंद पडलं की माणूस बोलवायचा. फ्रीज २००३ चा आहे, आजवर पेचकस लावला नाही. जास्त उघडझाप केली की यंत्रं लाडावतात, पोट्ट्यांसारखी.

जुना_लाईनमन
२ एप्रिल, रात्री १०:४०

संत्रासाल ताई, बाकीचं सावकाश बोलू. कूलरचं आधी ऐका. वीज खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे माझी सुई तिथेच अडकते.

लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय अन् हातात पाण्याचा पाईप. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा करंट लागून माणसं जातात, पेपरात चार ओळी येतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बटण चुकून न्यूट्रलवर (करंट परत जाणाऱ्या वायरीवर) बसवलेलं असेल तर ते बंद करूनही आतल्या वायरीत करंट राहतो. अशी घरं मी किती पाहिली याचा हिशोब नाही.

दुसरं, प्लग तीन पिनांचा पाहिजे अन् ती तिसरी पिन खरंच जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. जुन्या घरांत सॉकेटला भोकं तीन असतात, मागे वायरी दोनच. मीटरजवळच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तिच्यावर 'टी' लिहिलेलं बारकं बटण असते. महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर ती शोभेची आहे असं समजा. आरसीसीबी नसेलच तर कूलरच्या ताट्यांआधी ती बसवा.

अन् एक्स्टेंशन बोर्ड कूलरच्या टपावर ठेवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

संत्रासाल
२ एप्रिल, रात्री १०:५१

काका, आमचा बोर्ड टपावरच आहे. आत्ता उठून काढला.

महालातली_मेघा
३ एप्रिल, सकाळी ७:१५

ताट्यांचं मी सांगते, हा माझा प्रांत.

बाजूची झाकणं काढा. जुनी वुडवूल (ताटीतले लाकडाचे बारीक धागे) पांढरी, कडक झाली असेल तर ती झटकून परत बसवायच्या फंदात पडू नका. कूलरमध्ये हवेबरोबर फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. रोज वरून पाणी भरत गेलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारं होतं, तेच ताटीवर साचतं, हवा अडते आणि आपण म्हणतो की यंदा कूलर गार करत नाही. बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरातच खडू जमतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसायची. पूर्ण म्हणजे पूर्ण, तळाचा गाळ धरून.

मग ताटीच्या डोक्यावरची पाण्याची पन्हाळी किंवा पाईप बघायचा. त्याची भोकं बुजली की ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून सरळ बाहेरची झळ आत येते. झाडूची काडी घ्या, एकेक भोक मोकळं करा. पंप चालत नसेल तर लगेच नवीन आणू नका. खालची जाळी काढा, पंखीत वुडवूलचे धागे गुंतलेले असतात. क्षार असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. आणि पाण्याशिवाय पंप चालवू नका, जळतो.

टाकीला गंज असेल तर घासून, वाळवून आतून काळा डांबरी रंग. हे फेब्रुवारीत करायचं असतं, पण असू द्या.

वास मात्र वाळ्याचाच. आमच्या महालातल्या जुन्या घरात दाराला वाळ्याच्या ताट्या टांगायचे आणि दुपारी कोणीतरी पोट्टं त्यावर तांब्याने पाणी मारायचं. बहुतेक मीच. कूलर नव्हता, लाईन तर असून नसल्यासारखी. त्या वासाला आजही झोप येते.

ठाण्याचा_जावई
३ एप्रिल, सकाळी ९:०२

सासरवाडी नागपूरची आहे म्हणून विचारतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसी का लावत नाही? आमच्याकडे ठाण्यात मी सासऱ्यांकडून एक कूलर नेला होता, घरात नुसतं चिकचिक झालं.

बर्डीचा_बंड्या
३ एप्रिल, सकाळी ९:१०

जावईबापू, ठाण्यात कूलर म्हणजे पावसात छत्री उलटी धरणं. तुमची हवा आधीच ओली, ती अजून पाणी पिणार कशी? आमची मे महिन्यातली हवा पापडासारखी कोरडी. २०१३ च्या २३ मेला ४७.९ गेलं होतं नागपूर, त्या दिवशी एसी हाफत होते, कूलर मजेत होता. अन् कूलर लावून खिडक्या बंद केल्या असतील तर नागपुरातही चिकचिकच होते. एकीकडून हवा आत, दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे.

जूनमध्ये पाऊस लागला की आमचाही कूलर तुमच्यासारखाच. तेव्हा टोमणे मारायला या.

शून्य_डिग्री
३ एप्रिल, सकाळी ११:३०

एसी दुरुस्तीचं काम करतो म्हणून दोन शब्द. एसीलाही कष्ट आहेत. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी मला ५०० रुपये देऊ नका. बाहेरच्या युनिटसमोर गाद्या, सायकल, जुना पाळणा ठेवू नका. तिथून गरम हवा बाहेर जायची असते.

अन् "दरवर्षी गॅस भरावा लागतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या वर्षीचीही सोय करून जातो. धंद्यातले भाऊ रागावतील, पण हे खरं आहे.

निवांत_नाना
३ एप्रिल, दुपारी १२:२०

पाहा, मी म्हणत होतो नं. उघडू नका, बोलवू नका.

शून्य_डिग्री
३ एप्रिल, दुपारी १२:३१

नाना, मी जाळी धुवा म्हटलं. तुम्ही अर्धंच वाचता.

डॉक्टरीण_बाई
३ एप्रिल, दुपारी ३:४५

मेघाताईंनी आठवड्यातून एकदा टाकी उपसायला सांगितलं, त्याला माझ्याकडून अनुमोदन, पण कारण वेगळं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात तो याच हिशोबाने.

पण नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी कितीतरी महिने टिकतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. म्हणून टाकी घासायची. पावसाळ्यात कूलर बंद असतो पण टाकीत अर्धी बादली पाणी तसंच राहिलेलं असतं, आमच्याकडचे ऑगस्ट-सप्टेंबरचे निम्मे पेशंट "आमच्या घरात साठलेलं पाणी नाहीच" म्हणत येतात.

निवांत नाना, तुमच्या २००३ च्या फ्रीजच्या मागे, खाली, एक ट्रे आहे. बर्फ वितळून त्यात पाणी साठतं. बावीस-तेवीस वर्षांत तो पाहिला का?

निवांत_नाना
३ एप्रिल, दुपारी ४:०२

ट्रे असते?

निवांत_नाना
३ एप्रिल, दुपारी ४:४०

होता. फोटो टाकणार नाही.

वर्धारोडची_वैशाली
३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

वॉशिंग मशीन पाणी घेत नाही त्याचं: पाठीमागे जिथे नळाचा पाईप जोडला आहे तिथे पाईप उघडा (आधी नळ बंद, नाहीतर अंघोळ). आत बोटभर प्लास्टिकची जाळी असते. चिमट्याने ओढून काढा, वाळू निघेल, ब्रशने घासून परत बसवा. आमच्या सोसायटीत टाकी धुतली की सगळ्यांच्या मशीन एकाच दिवशी संपावर जातात, त्यावरून कळलं. समोरून उघडणारी असेल तर खाली एक छोटं झाकण असतं, त्यातून मला आतापर्यंत १७ रुपये, दोन हेअरपिना आणि नवऱ्याच्या शर्टाची बटणं मिळाली आहेत.

गीझरचं लाल पाणी म्हणजे गंज. टाकीत एक मॅग्नेशियमची दांडी असते, टाकीऐवजी ती झिजावी म्हणून. ती संपली की टाकी गंजायला लागते. माणूस बोलवा आणि "दांडी बघा" असं स्वतःहून सांगा, नाहीतर तो थेट नवीन गीझरची किंमत सांगेल. तो म्हणतो ते खरंही असू शकतं, टाकीलाच भोक पडलं असेल तर इलाज नाही.

आता भांडणाचा मुद्दा. ताई, तुम्ही विचारलं की "बाबांना कसं कळायचं". आमच्या घरी पण बाबा वर्षातून एकदा कूलर काढायचे, तेव्हा अख्ख्या गल्लीला कळायचं. पाना द्या, फडकं द्या, चहा द्या, टॉर्च नीट धर. आणि फ्रीजच्या दाराचं रबर पुसणं, मिक्सरच्या भांड्याखाली साचलेलं काढणं, पाण्याच्या फिल्टरची तारीख, शेगडीचे बर्नर टाचणीने मोकळे करणं, हे आई दर आठवड्याला करायची. त्याला कोणी देखभाल म्हणायचं नाही, ते "घरकाम". तुमच्या यादीत आईचं नाव एकदाही नाही म्हणून बोलले. राग नसावा.

संत्रासाल
३ एप्रिल, संध्याकाळी ६:३५

राग नाही. जरा लागलं मात्र.

ताटकळलेला
३ एप्रिल, रात्री ८:२०

विषय निघालाच आहे तर माझा मूर्खपणा सांगून ठेवतो. फिल्टर बंद पडला म्हणून नेटवर कंपनीचं नाव टाकून नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. पलीकडचा गोड बोलला, पाच रुपये नोंदणी म्हणून लिंक पाठवली, मी भरले, अन् अर्ध्या तासात खात्यातून १८ हजार गेले. तो नंबर कंपनीचा नव्हताच. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर लगेच तक्रार केली म्हणून थोडे अडकवता आले, सगळे नाही. नंबर बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा यंत्रावरच्या स्टिकरवर पाहा. स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, बंद पडलेला फ्रीज भिंतीपासून ओढून मागचा नंबर वाचत बसायची पाळी येऊ नये.

आरओ_विरोधी_संघटना
३ एप्रिल, रात्री ८:४४

मुळात फिल्टर पाहिजे होता का? पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून घेतला होता का? पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरचं आहे. नळाचं पाणी, पेंचचं-कन्हानचं, आमच्या घरी त्याच्या निम्म्याखाली येतं. तरी शेजाऱ्यांनी आरओ लावला, आता एक बादली शुद्ध करताना दोन बादल्या मोरीत सोडतात अन् दर वर्षी फिल्टरला पैसे मोजतात. जे यंत्र घरात आणलंच नाही त्याची देखभाल शून्य. बोअरवाल्यांनी माझ्यावर चिडू नये, तुमचं वेगळं.

बर्डीचा_बंड्या
३ एप्रिल, रात्री ८:५०

आरओच्या त्या दोन बादल्या आमच्याकडे काही हुशार लोक कूलरमध्ये टाकतात. मेघाताईंनी क्षाराचं सांगितलं तेव्हा उमगलं की ताट्या जूनच्या आत काहून दगड होतात.

महालातली_मेघा
३ एप्रिल, रात्री ९:०५

हाव! त्याने फरशी पुसा, संडासात टाका. कूलरला नका देऊ.

जुना_लाईनमन
४ एप्रिल, सकाळी ६:५०

इन्व्हर्टरचं राहून गेलं. बॅटरीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्याच्या फडक्याने टोकं साफ करा, कोरडी झाली की आवळून थोडं पेट्रोलियम जेली लावा. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, नळाचं तर नाहीच. खुणेच्या वर भरू नका. उन्हाळ्यात लवकर उडते, दीड-दोन महिन्यांनी पाहत जा. पाणी टाकूनही दहा मिनिटांतच टूं टूं करत असेल तर बॅटरीचं वय विचारा. चार-पाच वर्षं झाली असतील तर तिला निरोप द्या.

कूलरच्या मोटरला बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल नाही! थिजते, चिकट होते, धूळ धरते. आमच्या साळ्याने टाकलं होतं, मोटर अख्ख्या घराला लाडूचा वास देऊन जळाली.

अंबाझरी_अण्णा
४ एप्रिल, सकाळी ८:३०

सगळे यंत्रावर बोलून राहिले, पोरीचा प्रश्न वेगळा होता. लक्षात कोण ठेवतं, असं विचारलं तिने.

मी फोनमध्ये आठवण लावून पाहिली. वाजते, मी बंद करतो, खलास. मग खंडेनवमीला धरून बसवलं. तसंही त्या दिवशी गाडी, मशीन, पेचकस, सगळ्याला हळदकुंकू लावतो. आता नियम असा की घासल्या-पुसल्याशिवाय फूल नाही. गीझर, पंप, इन्व्हर्टर सगळं हिवाळ्याच्या तोंडावर होऊन जातं. मिसेस म्हणते, देव पावो न पावो, मोटर पावली.

शून्य_डिग्री
४ एप्रिल, सकाळी ९:१५

अण्णा, एसीच्या आउटडोअरला दसऱ्याचा झेंडूचा हार घालतात अन् तो मार्चमध्ये मी पंख्यातून उपसतो. हार नका घालू फक्त.

संत्रासाल
६ एप्रिल, रात्री १०:१०

उशिरा आले, शनिवार-रविवार कूलरमध्ये गेला. शब्दशः, अर्धी आत होते.

अहवाल: मशीनची जाळी काढली, खरंच वाळू. पाणी घेते आता. बॅटरी पाच वर्षांची निघाली, बदलली, खिसा रिकामा. गीझरवाला आला, मी ऐटीत म्हटलं "दांडी बघा", तो माझ्याकडे असा पाहायला लागला जणू मी त्याच्या घरातलं गुपित फोडलं. दांडीच्या जागी नुसती तार उरली होती. टाकी अजून शाबूत आहे म्हणाला. कूलरच्या भोकांमध्ये झाडूच्या दोन काड्या मोडल्या, पण गार हवा येऊन राहिली. 'टी' बटण दाबलं, अख्खं घर अंधारात गेलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

आता वैशालीताई, तुमच्यासाठी. तुमचं वाचून त्या रात्री बाबांऐवजी आईला फोन केला. विचारलं, बाबांना कसं कळायचं गं? ती म्हणाली, "कळायचं कुठं? मी सांगायची." मग म्हणाली स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर बघ. जुनी कॅलेंडरं पण तिथेच खिळ्याला, एकावर एक. होळीच्या चौकोनात "ताट्या". अक्षय्य तृतीयेला "टाकी घासणे – परत". पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "कूलर कोरडा, पंप काढून ठेव". मधेमधे नुसतं "बॅ. पाणी". आणि बाबांच्या नावाने टोमणे, "सांगितलं", "सांगितलं २", "सांगितलं ३". दर वर्षी नवीन कॅलेंडरच्या पहिल्या पानावर मागचं उतरवून काढलेलं. यंदाच्यावर काही नाही, कारण ती जानेवारीत गेली.

मी बसून उतरवून काढलं. एकच गोष्ट कळली नाही. प्रत्येक वर्षी पहिल्या पानावर वरती लिहिलंय "नळी २०१९". कसली नळी?

वर्धारोडची_वैशाली
६ एप्रिल, रात्री १०:१४

गॅसची!! शेगडीची नारिंगी नळी. पाच वर्षं चालते, नळीवरच तारीख छापलेली असते. २०१९ ची अजून लावून ठेवली आहे का? रेग्युलेटर बंद कर आधी, मग बोल.

संत्रासाल
६ एप्रिल, रात्री १०:१९

बंद केला. आईला फोन केला. ती म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं."

निवांत_नाना
६ एप्रिल, रात्री १०:३३

ती तारीख नळीच्या नेमकी कोणत्या बाजूला असते? मित्रासाठी विचारून राहिलो.